दत्तूचा माफीनामा

भोपाळ, ३ ऑक्टोबर १९९३

चि. वसुधा,

अनेक आशीर्वाद. तुझी मामी म्हणते, आधी खुशाली लिहा, मग कामाचं. तर तिचे गुडघे दुखतात, माझे दुखत नाहीत, झाली खुशाली. कारखान्याच्या ऑफिसात यंदाच्या हिंदी पंधरवड्यात टिप्पण-लेखनाचं पहिलं बक्षीस पुन्हा मलाच मिळालं. सलग सातव्यांदा. इटावा-कानपूरकडच्या चार बाबूंच्या नाकावर टिच्चून एका मराठी माणसाने हिंदीचं बक्षीस न्यावं, याचा त्यांना दरवर्षी नव्याने संताप येतो. बक्षीस म्हणून पुन्हा थर्मासच. आता मी चहाची टपरी टाकायला मोकळा आहे.

पण आज लिहायला बसलो तो वेगळ्याच कारणाने. आमच्या खालच्या क्वार्टरमधला दत्तू तुला आठवत असेल. कऱ्हाडकडचा. तू बारावीच्या सुट्टीत आली होतीस तेव्हा त्याने तुला स्कूटर शिकवली होती. तो कारखान्यात क्रेन चालवतो. चालवत होता, असं म्हणायला हवं. फेब्रुवारीत त्याच्या क्रेनचा दोर तुटला, लोखंडाचं ओझं खाली आलं आणि एका मजुराच्या पायावर पडलं. पुढे तो पाय घोट्यापासून कापावा लागला. चौकशी झाली आणि गेल्या आठवड्यात दत्तूला बडतर्फीचं पत्र आलं. दोन महिन्यांत क्वार्टरही सोडायचं आहे. चौदा वर्षांची नोकरी एका पानात संपली.

त्याच्याविरुद्ध साक्षीदार कोणी नाही. आहे तो त्याचा स्वतःचा लेखी जबाब. अपघाताच्या दिवशी ऑफिसात घेतला गेला होता. त्यात त्याने सगळी चूक कबूल केली आहे. मी त्याची टाइप केलेली नक्कल सोबत पाठवतो. तू आता वकील आहेस, म्हणून विचारतो: दिलेला जबाब मागे घेता येतो का? कायद्यात काही वाट असेल तर कळव. शेजारधर्म म्हणून विचारतो आहे, बाकी काही नाही.

तुझा,
दिगंबरमामा


नागपूर, ११ ऑक्टोबर १९९३

प्रिय मामा,

तुम्हाला आणि मामीच्या गुडघ्यांना नमस्कार. बक्षिसाबद्दल अभिनंदन. एक थर्मास माझ्या ऑफिससाठी राखून ठेवा, इथे चहा गार व्हायच्या आत अशील येत नाहीत.

दत्तूदादांचा जबाब चारदा वाचला. ‘मैं अपनी घोर असावधानी निःसंकोच स्वीकार करता हूँ तथा इस कृत्य हेतु पूर्णतः उत्तरदायी हूँ।’ मामा, हा माणूस मला स्कूटर शिकवताना ‘ब्रेक मार गं बाई, मरशील’ असं म्हणायचा. तो ‘पूर्णतः उत्तरदायी’ कधी झाला?

आणि शेवटची ओळ: ‘उपरोक्त कथन मुझे मेरी मातृभाषा में पढ़कर सुनाया गया, जिसे मैंने सही पाया।’ याखाली त्यांची सही. सगळा खटला या एका ओळीवर उभा आहे. माणूस प्रत्यक्षात काय बोलला हे कायद्याला ऐकू येत नाही, त्याला कागद दिसतो. कागद म्हणतो वाचून दाखवलं, तर ते दाखवलंच, जोपर्यंत उलटं सिद्ध होत नाही.

म्हणून मला तीन गोष्टी हव्यात. तो जबाब कोणी लिहिला? दत्तूदादा कुठल्या भाषेत बोलले? खरंच कोणी वाचून दाखवलं का? आणि नक्कल नको, मूळ कागदाची झेरॉक्स पाठवा. टाइप केलेल्या कागदावर काहीच दिसत नाही.

वसुधा


भोपाळ, २४ ऑक्टोबर १९९३

चि. वसुधा,

तू अगदी पक्की वकील झालीस. मामाचीच उलटतपासणी!

बाहेरच्याला इथली रीत कळायची नाही, म्हणून सांगतो. कारखान्यात काही बारीकसारीक घडलं, कोणी पाळीला उशिरा आला, कोणाकडून एखादा पार्ट फुटला, की त्याला कार्मिक विभागात, म्हणजे आमच्या ऑफिसात, पाठवतात. तिथे त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतात. ठरलेला मजकूर असतो. माणूस सही करतो, साहेब एक ताकीद देतात आणि फाइल बंद होते. तीस वर्षं हे असंच चाललं आहे. कित्येकांच्या नोकऱ्या या माफीनाम्यांनीच वाचल्या. जो माफी मागतो त्याला साहेब सोडतो आणि जो वाद घालतो त्याची चौकशी लागते, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. दत्तूचाही तसाच माफीनामा होता. त्या दुपारी सगळे म्हणत होते, पाय नुसता चेंगरला आहे, आठ दिवसांत बरा होईल. चौथ्या दिवशी पाय कापला आणि माफीनाम्याचा कबुलीजबाब झाला.

कोणी लिहिला, म्हणून विचारतेस. ऑफिसात चार माणसं असतात, त्यातलं कोणी लिहिलं असेल. ते एवढं महत्त्वाचं आहे का? झेरॉक्सचं म्हणशील तर फाइल साहेबांच्या कपाटात आहे आणि मशीनही बिघडलं आहे. बघतो.

दत्तूची बायको शोभा परवा मामीजवळ बसून रडली. मला ऐकवेना, मी फिरायला गेलो.

दिगंबरमामा


नागपूर, ९ नोव्हेंबर १९९३

मामा,

झेरॉक्सची वाट पाहून मी सरळ दत्तूदादांना कार्ड टाकलं. आरोपपत्राबरोबर त्यांना जी प्रत मिळाली होती, ती शोभाताईंनी पाठवली. काल आली.

मला ते अक्षर ओळखू येणार नाही असं वाटलं तुम्हाला? आई गेल्यावर हॉस्टेलमध्ये दर महिन्याला मला याच अक्षरात पत्र यायचं. ती सगळी पत्रं माझ्या पेटीत आहेत. मी ती प्रत हातात घेतली आणि अर्धा क्षण मला आनंद झाला, मामांचं पत्र आलं म्हणून. मग वाचलं.

मला राग आला आहे आणि मी तो लपवणार नाही. दोन पत्रांत तुम्ही मला फिरवत राहिलात. ‘जबाब घेतला गेला’, ‘लिहून घेतात’. कोण घेतो मामा? तुम्ही.

आता वकील म्हणून सांगते. कागद खोडून काढायचा तर एकच वाट आहे. ज्याने लिहिला त्याने कोर्टात उभं राहून सांगायला हवं की मी हे वाचून दाखवलं नव्हतं. तुमच्या नोकरीची दोन वर्षं उरली आहेत. तुम्ही बोललात तर ते तुमच्यावर आरोपपत्र ठेवतील, पेन्शन-ग्रॅच्युइटीलाही हात घालायचा प्रयत्न करतील. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. लपवालपवी पुरे झाली.

दिवाळीला यायचं ठरलं होतं. येत नाही.

वसुधा


भोपाळ, १६ जानेवारी १९९४

चि. वसुधा,

दोन महिने तुला लिहिलं नाही. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. ज्या हाताने आयुष्यभर दुसऱ्यांचं खरडलं, त्याला स्वतःचं चार ओळी लिहिता येईनात.

परवा संक्रांतीला दत्तू आणि शोभा तिळगूळ द्यायला आले. क्वार्टर सोडून ते आता साकेत नगरात एका खोलीत राहतात. तो एका गॅरेजमध्ये काम करतो. बडतर्फीविरुद्ध त्याने कामगार कोर्टात दाद मागितली आहे. वाकून नमस्कार केला आणि खिशातून त्या कोर्टाची नोटीस काढून म्हणाला, ‘काका, जरा वाचून सांगा ना, हे काय लिहिलंय.’ मी वाचून सांगितली. त्याला वाटतं, अख्ख्या भोपाळात त्याच्या बाजूचा एकच माणूस आहे आणि तो मी. ते गेल्यावर तुझी मामी म्हणाली, ‘तुम्ही सांगणार आहात की मी सांगू?’ तिला मी काही बोललो नव्हतो. शकुंतलेला न सांगता कळतं, हे माझं जुनं दुखणं आहे.

तर ऐक. त्या दुपारी दत्तू माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मराठीतच बोलत होता. म्हणाला, ‘चुकलं काका, माझ्या हातून झालं.’ पुढे म्हणाला की हुक वर चढला की आपोआप थांबवणारा एक स्विच असतो, तो मधूनमधून अडकतो. पाळीच्या इंचार्जला त्याने आठवड्यात दोनदा तोंडी सांगितलं होतं. ते म्हणाले, चालव, बघू नंतर. त्या दिवशी स्विच अडकला, हुक वर जाऊन आदळला आणि दोर तुटला.

मी हे सगळं ऐकलं. आणि त्यातलं फक्त ‘चुकलं’ लिहिलं. इंचार्जचं नाव कागदात आलं की चौकशी लागणार, वाद होणार, आणि त्यात पोराचं नुकसान होणार, असं मला वाटलं. आपल्याकडे मोठ्यांपुढे माणूस ‘चुकलं’ म्हणतो ती रीत असते, तो काही गुन्हा कबूल करत नसतो. हे मला कळत नव्हतं का? पण माझ्याकडे मजकूर तयार होता. खरं सांगू, तो बोलत होता तेव्हाच माझा अर्धा कागद लिहून झाला होता. ‘घोर असावधानी’ हे शब्द मला फार आवडतात. गेल्या साली त्यांच्यावर साहेबांनी शाबासकी दिली होती. शेवटची ओळ तर मी सकाळीच दहा-बारा कोऱ्या कागदांवर लिहून ठेवतो, वेळ वाचतो. कोणालाही कधीही काही वाचून दाखवलेलं नाही. तीस वर्षांत कोणी मागितलंही नाही.

चौकशीत दत्तूने स्विचचं सांगितलं. साहेब म्हणाले, तुझ्या जबाबात तर स्विचचा शब्दही नाही. मी तिथेच बसून कार्यवाही लिहीत होतो. मान वर केली नाही.

मला भीती वाटते वसुधा. या वयात आरोपपत्र, पेन्शनचे वांधे, मराठी मंडळात लोक काय म्हणतील. पण भीतीपेक्षाही लाज जास्त वाटते, आणि लाजेला रात्र नसते की दिवस नसतो. मी कोर्टात येईन. तारीख कळव.

मामा


नागपूर, २२ जानेवारी १९९४

मामा,

तुमचं पत्र मिळालं. राग पुरता गेलेला नाही, पण माझे मामा मला परत मिळाले.

वकीलपत्र मी स्वतः घेते. दर तारखेला गाडी पकडून येईन. पण त्याआधी एक काम तुमचं. दत्तूदादांना हे कोर्टात कळता कामा नये. तुम्हीच सांगा, मराठीत, त्यांच्या घरी जाऊन. मी तुमच्यासोबत येणार नाही.

वसुधा


भोपाळ, ७ फेब्रुवारी १९९४

चि. वसुधा,

सांगितलं.

काल रविवारी गेलो. खोलीत एक खाट, तिच्यावर त्याने मला बसवलं, आणि तो खाली बसला. मी प्रत सोबत नेली होती. आधी ती ओळीओळीने मराठी करून वाचली. ‘घोर असावधानी’ म्हणजे काय ते सांगितलं. मग म्हटलं, हे मी लिहिलं आणि तू बोललास ते मी गाळलं. शोभा स्टोव्ह बंद करून वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती त्यानंतर माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. बरोबरच आहे तिचं.

मला वाटलं, आता दत्तू मला हाकलून देईल. मनातून मला तेच हवं होतं. मग तो म्हणाला, ‘काका, तुम्ही वाचून दाखवलं असतं तरी मी सही केली असती. माझ्या नोकरीचा अर्ज तुम्हीच भरला होता ना. तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असणार.’

वसुधा, त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

मामा


नागपूर, १५ फेब्रुवारी १९९४

मामा,

तुमचं पत्र माझ्या काळजाला लागलं, पण त्याहून आधी ते माझ्या केसला लागलं आहे.

दत्तूदादा जे तुम्हाला म्हणाले ते त्यांनी कोर्टात कधीही, कुठल्याही भाषेत म्हणू नये. ‘वाचून दाखवलं असतं तरी सही केली असती’ हे एक वाक्य नोंदवलं गेलं की तुमची साक्ष असून नसून सारखीच. समोरचा वकील म्हणेल, मग वाचण्या-न वाचण्याने फरक काय पडला? मजकूर त्याला मान्यच होता.

त्यांनी एवढंच सांगायचं: मला वाचून दाखवलं नाही, मला कळलं नाही. हे खरं आहे. मी खोटं बोला असं म्हणत नाही. फक्त खऱ्याच्या पुढे जाऊ नका. ते माझं ऐकून घेतील, पण ऐकतील तुमचं. साक्षीच्या आधी त्यांना नीट बसवून घ्या. दोन-तीनदा म्हणवून घ्या.

वसुधा


नागपूर, ३ नोव्हेंबर १९९४

मामा,

परवा कोर्टातून थेट स्टेशनवर गेले, तुमच्याशी बोलले नाही. बोलले असते तर वाईट बोलले असते.

दुपारी तुम्ही जे केलंत ते मी विसरणार नाही. साहेब समोर बसलेले असताना तुम्ही सांगितलंत, ‘ओळ माझी, अक्षर माझं, वाचून दाखवलं नाही, त्या दिवशीही नाही आणि कधीच नाही.’ न्यायाधीशांनी विचारलं, याचा परिणाम जाणता का? तुम्ही म्हणालात, ‘जाणतो, म्हणूनच उशीर झाला.’ मला तुमचा अभिमान वाटला. तुमचं आरोपपत्र आलं की लगेच मला पाठवा, त्याचं उत्तर मी लिहीन.

पण सकाळचं काय? आठ महिन्यांपूर्वी मी तुम्हाला एकच काम सांगितलं होतं. समोरच्या वकिलाने विचारलं, ‘पढ़कर सुनाते तो दस्तखत करते कि नहीं?’ आणि दत्तूदादांनी तुमच्याकडे बघितलं आणि सरळ ‘हाँ’ म्हणाले! मी उठेपर्यंत ते नोंदवलंही गेलं होतं. तुम्ही त्यांना काही शिकवलंच नव्हतंत, हे मला त्या एका नजरेत कळलं. का, मामा? आता निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. शोभाताईंना मी कुठल्या तोंडाने भेटू?

वसुधा


साकेत नगर, भोपाळ
८ नोव्हेंबर १९९४

वसुधाताईंना दत्तूचा नमस्कार.

मी पत्रं लिहीत नाही, चुकलं तर समजून घ्या. काकांनी तुमचं पत्र मला दाखवलं. तुम्ही त्यांच्यावर रागावलात, ते बरोबर नाही. काका शिकवायला आले होते. दोन तास आमच्या खोलीत बसले, चहा घेतला, शोभाने दिला, आणि काही न शिकवता उठले. दाराशी जाऊन म्हणाले, ‘दत्तू, एकदा तुझ्या तोंडात माझे शब्द घातले, आता पुन्हा नाही घालणार. तुझं तूच बोल.’ म्हणून मी माझं बोललो.

सही केली असती का विचारलं, तर केली असती. काकांवर भरवसा होता, त्यात खोटं काय सांगायचं. पण ताई, ‘हाँ’ म्हटल्यावर मला अजून बोलायचं होतं. वकील म्हणाला, ‘बस, हाँ या ना में जवाब दीजिए।’ जजसाहेबांनी पण मान हलवली. मग गप्प बसलो. तुम्ही उठला होता, पण तोवर पुढचा प्रश्न आला.

मला बोलायचं होतं ते असं. काकांनी वाचून दाखवलं असतं तर मी सही केली असती, पण आधी म्हटलं असतं, काका, खाली ते स्विचचं पण लिहा. बास. चूक माझी लिहा, कितीही मोठ्या शब्दात लिहा, पण स्विच लिहा. ते कागदात आलं असतं तर कोणीतरी वर चढून बघितलं असतं. कागदात चूक माझी, म्हणून दोर नवा घातला, मला काढलं आणि काम संपलं. स्विच तसाच आहे.

आजवर ती क्रेन कमीच वापरत होते. आता मोठं काम आलंय, तीन पाळ्यात चालणार. येत्या सोमवारपासून तिच्यावर विलासची ड्यूटी लागली आहे. विलास माझ्याच बॅचचा, त्याला दोन मुली आहेत.

सोबत एक कागद आहे, कारखाना निरीक्षकाच्या नावाने. मराठीत मी लिहिला, त्याची हिंदी काकांकडून करून घेतली. काकांना त्यांचं आरोपपत्र परवाच मिळालं, तरी आले. मी शेजारी बसलो होतो. दर ओळीला ते थांबून विचारत, ‘हे असंच ठेवू?’ मी म्हणायचो, असंच. सुरुवातीला त्यांनी ‘सविनय निवेदन’ वगैरे घातलं होतं, ते मी काढायला लावलं. कोणत्या बाजूचा स्विच, किती वजनावर अडकतो, मी कोणत्या दिवशी कोणाला सांगितलं, एवढंच आहे. तुम्ही वकील आहात, तुमच्या हातून गेला तर कोणी बाजूला टाकणार नाही. पण त्यात काही सुधारू नका.

माझी केस हरली तरी चालेल असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर शोभा मला घरात घेणार नाही. पण हा कागद सोमवारच्या आत पोचायला पाहिजे.

काल गेटवर विलासला गाठलं. त्याला सांगितलं, हुक वर जाताना त्याच्यावर नजर ठेव, स्वतः बटण दाबून थांबव, आपोआप थांबेल म्हणून बसू नको, तो स्विच अडकतो. तो हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘यार दत्तू, कागदावर तर चूक तुझीच आहे.’

दत्तू